कवच कोणते घ्यावे?

संपादकांनी दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना या खेपेस सोबत एक पत्रही धाडले आहे. पत्र मिरजेकडच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे आहे. त्याचे नाव येथे देत नाही. कारण पत्राच्या शेवटी 'घरी कळता कामा नये' अशी तळटीप आहे, आणि ती दोनदा अधोरेखित केलेली आहे. बाकी मजकूर असा : "सर, आपण संध्याकाळी 'एलिट डेंजरस' खेळता असे या सदरात ओझरते लिहिले होते. मीही खेळतो. दिवाळीच्या सुट्टीत नवे यान घेण्याचा विचार आहे. तरी सर्वांत उत्तम कवच कोणते, ते कृपया एका वाक्यात कळवावे."

एका वाक्यात! गेली वीस वर्षे 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असे प्रश्न मी पोरांना घालत आलो आहे. तेव्हा हा सूड म्हणायचा की गुरुदक्षिणा, हे ठरवणे कठीण आहे. एक मात्र खरे, की हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याला विचारला होता आणि त्याने एका वाक्यात उत्तर दिलेही होते. "मामा, सगळ्यांत महाग असेल ते घ्या," असे म्हणून तो क्रिकेटला निघून गेला. त्या एका वाक्यापायी मी किती यानांना मुकलो, तो हिशेब पुढे येईलच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी चार शब्द लिहिले पाहिजेत. १९८४ साली केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघा विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो नावाच्या लहानशा संगणकासाठी 'एलिट' हा खेळ रचला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि त्यांतून हिंडणारे आपले एक यान. व्यापार करा, चाच्यांशी लढा, नाहीतर स्वतःच चाचे व्हा. त्या यानाला एक पुढचे आणि एक मागचे अशी दोन कवचे असत. मार बसला की कवच उतरे, यानातल्या वीजसाठ्यातून ते सावकाश पुन्हा भरे, आणि साठाच आटला की खेळ आटोपे. कवचाच्या जाती पाहून पारख करण्याचा प्रश्न तेव्हा नव्हता. पुढे त्याच ब्रेबेन यांच्या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'एलिट डेंजरस' आणला. यात आठ आकाशगंगा नाहीत, एकच आहे. पण ती आपलीच, आणि तिच्यात तारे चाळीस हजार कोटी! खेळातले साल आपल्या सालात १२८६ मिळवले की निघते. म्हणजे आपण इथे चकली मोडत असतो तेव्हा तिथे चौतिसावे शतक चाललेले असते.

या चौतिसाव्या शतकात कवच बाजारातून पारखून घ्यावे लागते. कवच म्हणजे यानाभोवतीचे एक अदृश्य वेष्टण. मार बसला म्हणजे तेवढे क्षणभर चमकते. ते उभे आहे तोवर यानाच्या पत्र्याला ओरखडा उठत नाही. ते पडले की पत्रा, आणि पत्रा फाटला की यान. यान गेले तर किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून विम्यातून तसेच यान पुन्हा मिळते. पण तेवढी पुंजी गाठीला नसेल तर खुशाल पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचे. आणि आत लादलेला माल? त्याला विमा नाही. तो गेला तो गेला.

कवचाच्या जाती मुख्यतः तीन. पहिली साधी. तिच्यात प्रती असतात. 'ए' प्रत सर्वांत दणकट, 'डी' प्रत सर्वांत हलकी. दुसरी जात 'बाय-वीव्ह', आपण तिला दुहेरी विणीची म्हणू. हिची एकूण ताकद साध्या 'ए' प्रतीपेक्षा कमी. पण उतरलेले कवच भरून येण्याचा वेग दीडपटीहून अधिक, आणि पुरते पडले तरी पुन्हा उभे राहण्यास वेळ थोडा. तिसरी 'प्रिझमॅटिक'. ही सर्वांत मजबूत. मात्र पाचव्या मापाचे साधे 'ए' कवच वीस टन भरते तेथे प्रिझमॅटिक चाळीस भरते, विजेचा घासही मोठा घेते, आणि एकदा का पडले, की पुन्हा उभे राहीपर्यंत चहा टाकून, गाळून, पिऊन व्हावा.

भाच्याच्या सल्ल्यानुसार मी अर्थातच या तिसरीच्या मागे लागलो. ती पैशाने मिळत नसे. खेळात २०१५ साली राजकारणाचा एक भाग आला, आणि त्यात आयस्लिंग डुवाल नावाच्या एका राजकन्येच्या पक्षात नाव घालून चार आठवडे पडेल ते काम केले, तरच हे कवच विकत घेण्याचा परवाना मिळे. (२०२४ साली ते नियम बदलले, आजच्या पोरांना तेवढा वनवास नाही.) ज्या माणसाने आयुष्यात प्राध्यापक संघटनेची पत्रकेसुद्धा कधी वाटली नाहीत, त्याने महिनाभर रोज रात्री एका परक्या राजकन्येच्या प्रचाराचे गठ्ठे वाहिले. अखेर कवच मिळाले. ते मी माझ्या 'व्हल्चर'मध्ये बसवले.

व्हल्चर म्हणजे गिधाड. यान लहान, वळणाला चपळ, आणि तोफा मात्र दोन मोठ्या. दोष एवढाच, की त्याचे वीजघर लहान आहे. हे सारे जग जाणते. मला ते नंतर कळले. तोफा आत मिटलेल्या असतात तोवर त्यांना वीज लागत नाही, सारे सुरळीत दिसते. तोफा बाहेर काढल्या की वीज अपुरी पडते आणि यानातली काही यंत्रे आपोआप बंद होतात. कोणती आधी बंद व्हावीत, हे एकपासून पाचपर्यंत क्रमांक देऊन आपणच ठरवायचे असते. मी कवचाला मोठ्या प्रेमाने पाच दिले होते. जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेला. पाचपैकी पाच म्हणजे उत्तम, अशीच हाताला सवय! तिथे पाच म्हणजे सर्वांत आधी बंद होणारे यंत्र.

तर एका ग्रहाभोवतीच्या कड्यात, जिथे खाणवाले खनिज फोडतात आणि त्यांना लुटायला चाचे येतात, तिथे मी इनामाच्या आशेने गेलो. एक चाचा दिसला. मी तोफा बाहेर काढल्या, आणि आकाशगंगेतले सर्वांत मजबूत कवच, चार आठवड्यांच्या पक्षनिष्ठेचे फळ, फट् म्हणून विझले. चाच्यालाही बहुधा नवल वाटले असावे. पण नवल करीत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

इथवर दोष माझ्या अडाणीपणाचा. क्रमांक सुधारले, वीजघराची डागडुजी केली, तरी हार चुकेना. आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. माझी लढण्याची पद्धत अशी, की शत्रू दिसला की तोंड त्याच्याकडे करायचे आणि तो किंवा मी यांपैकी एक संपेपर्यंत सरळ मारा करीत राहायचे. बाजूला सरकणे, मागे राहणे, लघुग्रहाच्या आड जाणे, हे सुचतच नसे. कवच मजबूत असल्याने पहिला चाचा मरे, दुसरा मरे, तिसऱ्याच्या वेळी कवच पडे. मग ते उभे राहीपर्यंत मी तिथून पळ काढून अंधारात कुठेतरी निपचित पडून असे. तासाभराच्या खेळात अर्धा तास माझे यान दम खात असायचे. तेवढ्याच तासात भाचा शेजारच्या कड्यात एकामागून एक चाचे टिपीत असे, आणि त्याच्या 'फेर-द-लान्स' यानावर होते ते दुहेरी विणीचे, ताकदीने कमी कवच.

मी त्याला विचारले, "अरे, तुझं कवच पडत नाही का?"

"पडतं की, मामा. सारखं पडतं."

"मग?"

"मग परत येतं. तोवर मी मार खाईन अशा जागी नसतोच ना!"

हे वाक्य मला दोन दिवस पुरले. मी कवचाकडे भिंत म्हणून पाहत होतो. भिंतीचा विचार करताना माणूस जाडी विचारतो. भाचा त्याच्याकडे श्वास म्हणून पाहत होता. किती मोठा यापेक्षा किती लौकर परत येतो, हे त्याच्या लेखी महत्त्वाचे. त्याचे फेर-द-लान्स चपळ. तो शत्रूच्या मागे राहतो, मार चार सेकंद खातो आणि आठ सेकंद चुकवतो; त्या आठ सेकंदांत विण भरत असते. कवच पडलेच तर मधला वेळ निभावा म्हणून पत्र्यालाही त्याने आतून जाड अस्तर लावले आहे. असल्या माणसाला प्रिझमॅटिक दिले तर ते ओझे होईल. आणि मला, एका जागी उभे राहून मार खाणाऱ्याला, बाय-वीव्ह दिले तर ते भरायला उसंतच मिळणार नाही. 'कॉर्व्हेट', 'ॲनाकोंडा' अशा ज्या धिप्पाड यानांना मार चुकवता येतच नाही, त्यांच्यावर प्रिझमॅटिक शोभते ते यामुळेच. त्यांना लढाईभर कवच पडूच द्यायचे नसते. त्यासाठी वर बूस्टर लावायचे, आणि पोटात कवच ऐनवेळी भरून काढणाऱ्या नळ्यांची पेढी ठेवायची. या पेढीचा व्यवहार आपल्याकडच्या पेढ्यांसारखाच : पैसे अर्ज केल्यावर काही सेकंदांनी मिळतात, तोवर तुम्ही जिवंत असावे लागते, आणि व्याज म्हणून यान भयंकर तापते.

कवच पडल्यावर काय होते, हे नीट कळावे म्हणून द्रोणपर्वातला एक प्रसंग सांगतो. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्यांनी दुर्योधनाच्या अंगावर मंत्रून कवच बांधले. अर्जुनाचे बाण त्यावर लागू होईनात. तेव्हा अर्जुनाने त्याचे घोडे मारले, रथ मोडला आणि कवचाबाहेर राहिलेल्या तळहातांवर व नखांच्या पेरांवर बाण मारून त्याला पळवून लावले. या खेळातले मुरलेले लढवय्ये नेमके हेच करतात. कवच उतरले रे उतरले, की सबंध पत्रा फोडीत न बसता ते वीजघरावर, नाहीतर इंजिनांवर नेम धरतात. पत्रा साठ टक्के शाबूत असताना यानाचा स्फोट झालेला मी पाहिला आहे; आतून पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट भाच्याने शिकवली ती विजेच्या वाटपाची. यानात सहा टिकल्या असतात. त्या कवच, इंजिने आणि तोफा या तिघांत वाटायच्या, एकाला जास्तीत जास्त चार. चारही टिकल्या कवचाकडे दिल्या तर कवचावर बसणारा मार साठ टक्क्यांनी घटतो. शंभराचा घाव चाळिसाचा होतो. म्हणजे ज्या कवचासाठी मी महिनाभर गठ्ठे वाहिले, त्याच्याहून मोठा फरक दोन वेळा एक बटण दाबून पडत होता! मी मात्र सबंध वर्षभर दोन-दोन-दोन अशी समान वाटणी ठेवली होती. भाचा लढताना सतत टिकल्या हलवीत असतो : मार बसू लागला की चार कवचाला, शत्रू वळला की तोफांना, निसटायचे असेल की इंजिनांना. ज्याची बोटे अशी चालतात त्याचे मध्यम कवचही भारी होते. ज्याची चालत नाहीत त्याने आपला दोष ओळखून जाड कवच घ्यावे, यात लाज नाही. मी घेतले आहे.

माराच्या जातीचाही विचार हवा. कवच मुळात गोळ्यांना चाळीस टक्के आणि स्फोटांना पन्नास टक्के विरोध करते; पण उष्णतेपुढे उलट वीस टक्के जास्त सोसते. लेसर म्हणजे उष्णता. म्हणून चाणाक्ष शत्रू आधी लेसरने कवच वितळवतो आणि मग गोळ्यांनी पत्रा फोडतो. संगणकाने चालवलेले चाचे बहुतेक लेसरच चालवतात. त्यांच्याशीच लढायचे असेल तर उष्णतेचा विरोध वाढवून घ्यावा. दुहेरी विणीला तर तो फारच मानवतो. कारण विरोध वाढला म्हणजे भरून येणारा प्रत्येक थेंब अधिक टिकतो. पण समोर हाडामांसाचा खेळाडू असेल आणि त्याच्याजवळ प्लाझ्माची तोफ असेल, तर ही विरोधाची गणिते बरीचशी वाया जातात. तिथे कच्ची ताकदच लागते.

हे वाढवून देणारे कारागीर खेळात २०१६ साली आले. ते एकेक वल्ली आहेत. कवचाचे काम लेई चुंगकडे. तो तुम्ही पन्नास बाजारपेठांत व्यापार केल्याशिवाय दखल घेत नाही, आणि वर दोनशे टन सोने मागतो. बूस्टर सुधारणाऱ्या डिडी व्हॅटरमान बाईंना लावे येथील ब्रँडीचे पन्नास नग द्यावे लागतात. ही ब्रँडी एका वेळी थोडीच मिळते, म्हणून खेपा घालाव्या लागतात. एके रात्री घरातून विचारणा झाली, "अजून काय चाललंय?" मी तंद्रीत म्हणालो, "ब्रँडी आणतोय. अजून अठरा व्हायच्यात." त्यानंतर जे झाले त्याच्याविरुद्ध कोणतेही कवच उपयोगी पडले नसते.

कवचाशिवाय हिंडणारेही लोक आहेत. चोरटा माल नेणारे यानाची सारी झडपे मिटून थंड, गुपचूप चालतात. तसे करताच कवच आपोआप जाते आणि आत उष्णता कोंडत जाते. त्यांचा भरवसा दिसण्यावर नसून न दिसण्यावर. शोधक मंडळी मात्र वेगळ्या हिशेबाने कवच काढतात. दूरच्या ताऱ्यांकडे जायचे तर यान हलके हवे, हलके यान लांब उडी मारते, म्हणून ते टन-टन मोजतात. मीही मोजले. 'आस्प एक्सप्लोरर' घेऊन तीन आठवडे, रोज रात्री जेवणानंतर, मी माणसाचा पाय न लागलेल्या ताऱ्यांतून हिंडलो. ज्या ताऱ्यापाशी आपण पहिले पोचतो त्यावर आपले नाव लागते. पण माहिती परत आणून विकल्यावर. असे तीसेक तारे माझ्या वहीत जमले होते. परतीच्या वाटेवर एक तांबडा ग्रह सुंदर दिसला म्हणून उतरू गेलो. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दुप्पट. यान दगडासारखे खाली गेले. तिसऱ्या मापाचे, 'डी' प्रतीचे कवच दोन टन भरते. तेवढे असते तर धक्का त्याने खाल्ला असता आणि मी टेकलो असतो. ते तारे अजून तिथे आहेत. आता त्यांवर कोणाचे नाव आहे ते पाहायला मी गेलेलो नाही.

आता व्यापाऱ्याचे कवच. पत्रलेखकाने हा भाग नीट वाचावा, कारण लढाईपेक्षा व्यापारात यान गमावणारे अधिक. व्यापारी जिंकायला बाहेर पडलेला नसतो. वाटेत कोणी यानाला ओढून थांबवले, तर शहाणपण असे, की झटापट न करता वेग शून्य करून थांबावे. म्हणजे पुढच्या उडीचे यंत्र लौकर मोकळे होते. मग दुसऱ्या ताऱ्याकडची उडी भरावी. जवळपासच्या उडीत शेजारचे मोठे यान अडथळा करते. दुसऱ्या ताऱ्याकडच्या उडीत करत नाही. तिला पंधरा-वीस सेकंद लागतात. व्यापाऱ्याने कवच घ्यायचे ते एवढ्याच पंधरा-वीस सेकंदांपुरते! कवचाचे यंत्र ज्या कप्प्यात बसते तोच कप्पा मालालाही चालतो : सहाव्या मापाच्या कप्प्यात ६४ टन माल मावतो, पाचव्याच्या ३२. तेव्हा जो व्यापारी 'टाइप-९' सारख्या अवजड यानात पाचव्या मापाचे कवच बसवतो, तो प्रत्येक खेपेला ३२ टन जास्त नेतो. मीही तसेच केले होते. हिशेब चोख होता.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या भाच्याने रक्षक म्हणून बरोबर यायची हौस दाखवली. तो पुण्याला अभियांत्रिकीला आहे. आता तो क्वचित येतो आणि आला तरी खोलीचे दार लावून असतो. त्यामुळे मी आनंदाने हो म्हटले. तो आतल्या खोलीत त्याच्या संगणकावर, मी बाहेर माझ्या. खेळ सर्वांना मोकळा अशा जगात चालला होता, एकट्याच्या बंद जगात नव्हे. तिसऱ्या खेपेला दोन जिवंत खेळाडूंनी आम्हांला थांबवले. मी नियमाप्रमाणे वेग शून्य केला, चार टिकल्या कवचाला दिल्या, उडी भरू लागलो. भाचा मध्ये घुसला. एक त्याच्या अंगावर गेला, दुसरा माझ्यावर. माझे कवच निम्म्यावर आले, पाव झाले, आणि उडी लागली. मी सुटलो. पुढच्या ताऱ्यापाशी पोचून मी कपाळ पुसत होतो तेवढ्यात लक्षात आले, की मी गेल्याबरोबर त्या दोघांचा मारा एकाच यानावर आला असणार. दुहेरी विणीचे कवच दोघांच्या माऱ्यात भरत नाही. त्याला श्वास घ्यायला मिळत नाही.

आतल्या खोलीतून आवाज आला नाही. मी उठून गेलो. पडद्यावर विम्याचा कागद होता, आणि त्याखाली शिल्लक. शिल्लक पुरत नव्हती. त्याने सारे पैसे त्या यानाच्या सुधारणांत घातले होते.

"मामा, तुम्ही गेलात ते बरोबरच केलं," तो म्हणाला. "व्यापाऱ्यानं तसंच करायचं असतं. मीच सांगितलं होतं ना?"

सांगितले होते खरे. वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते. मात्र त्या खेपेचा नफा मोजताना मला बरे वाटेना. पैसे एका खेळाडूकडून दुसऱ्याला सरळ देता येत नाहीत. माल खाली टाकून तो त्याला उचलायला लावावा लागतो. पुढचे आठ दिवस मी माल टाकत होतो आणि तो साइडवाइंडर घेऊन, मग हळूहळू मोठ्या यानांतून, तो वेचीत होता. त्या आठ दिवसांत दार उघडे होते, हे नमूद करून ठेवतो.

मग आम्ही दोघांनी बसून माझ्या टाइप-९ चे कवच नव्याने ठरवले. पाचवे माप काढले, सहावे 'ए' प्रतीचे बसवले. चारही बूस्टर लावले, तेही कच्च्या ताकदीचे. ३२ टन माल गेला. शुद्ध व्यापाऱ्याला हा सौदा मूर्खपणाचा वाटेल. पंधरा-वीस सेकंदांना एवढे कवच लागत नाही. पण मला आता मिनिटभर टिकायचे आहे. कोणी आडवे आले तर उडी भरून तयार ठेवायची आणि मारायची नाही. चार टिकल्या कवचाला देऊन म्हशीसारखे मध्ये उभे राहायचे. माझ्यासारखे सावज सोडून कोणी जात नाही. तो मार माझ्यावर पडतो तेवढ्या वेळात भाच्याच्या कवचाची विण भरते. ते भरले की तो ओरडतो, "मामा, जा!" गणपतीच्या सुट्टीत हे दोनदा करून पाहिले. एकदा जमले. दुसऱ्यांदा मी जरा जास्तच थांबलो आणि यान, माल, सारेच गेले. पण विम्याची रक्कम मी बाजूला ठेवली होती, आणि भाच्याचे यान वाचले.

तेव्हा मिरजेच्या मित्रा, एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्याऐवजी तूच मला काही गोष्टी कळव. कोणते यान घेतो आहेस, त्याचे वीजघर कितीचे? मार बसू लागला की तू वळतोस, पळतोस की माझ्यासारखा उभा राहतोस? टिकल्या हलवायची सवय आहे का? कवचाला क्रमांक पाच तर दिला नाहीस ना? आणि एकटा उडतोस, की कोणी बरोबर असते? उत्तर संपादकांच्या पत्त्यावर धाड. त्यावर नाव घालू नकोस, मी ओळखीन. भाचा नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री येतो आहे. तुझे पत्र तोवर आले, तर दोघे मिळून वाचू.